दीर्घकालीन वेदना आणि कर्महानीची नोंद : वैद्याच्या लेखणीचे एक राहून गेलेले काम

आमवात, संधिगत वात, गृध्रसी, कटिग्रह, मन्यास्तंभ या व्याधींनी पीडित रुग्णांची संख्या आपल्या चिकित्सालयात किती मोठी असते, हे वैद्य बंधुभगिनींना वेगळे सांगावयास नको. या रुग्णांचा शूल, शोथ व स्तंभ आपण तपासतो, दोष-दूष्यांचा विचार करतो, शोधन-शमनाची योजना करतो आणि पुष्कळांना उपशयही मिळवून देतो. परंतु काही रुग्ण असे असतात की त्यांची वेदना शमते, पूर्ण जात नाही. आणि दरम्यान हातापायांची कामे एकेक करून सुटत जातात. असा रुग्ण एक दिवस शासकीय साहाय्यासाठी अर्ज करतो. त्या वेळी आपण वर्षानुवर्षे लिहिलेली रुग्णपत्रिका त्याच्या कितपत उपयोगी पडते? हा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारला नव्हता. तो एका रुग्णेमुळे आमच्यापुढे आला.

सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रिया आहेत. त्यांपैकी सत्तेचाळीस वर्षांच्या एक भगिनी अनेक वर्षांपासून आमच्याकडे येतात. सारी वस्ती त्यांना अक्का म्हणते. आम्हीही तेच म्हणतो. निदान आमवाताचे, आधुनिक परिभाषेत ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिसचे. संधिवाततज्ज्ञांची औषधे व आमची चिकित्सा अशी दोन्ही चालू. 2022 मध्ये अक्कांनी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या उत्पन्नाच्या व रहिवासाच्या अटींत त्यांचे घर बसत होते. अडले ते टक्क्यांवर. योजनेसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. मंडळाने त्यांना 28 टक्के दिले.

निकालाचा कागद घेऊन त्या आमच्याकडे आल्या. रागावलेल्या नव्हत्या. एवढेच म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचे सगळे कागद दाखवले मी. नऊ वर्षांचे. त्यांनी पाहिले आणि परत दिले."

त्या रात्री आम्ही ते कागद स्वतः वाचून पाहिले. नऊ वर्षांच्या नोंदींत जवळजवळ प्रत्येक भेटीला तीनच वाक्ये आलटून पालटून होती : "वेदना वाढली", "वेदना किंचित कमी", "औषध तेच". अक्का पूर्वी दिवसाला हजार विड्या वळत आणि आता तीनशेही होत नाहीत, हे आम्हाला तोंडपाठ होते. कागदावर कोठेही नव्हते. ब्लाउजचे हूक लावावयास सून लागते, भरलेली कळशी उचलता येत नाही, सकाळी दीड तास मूठ वळत नाही, यातील एक अक्षरही आम्ही लिहिले नव्हते. ज्या मंडळाला अक्कांना दहा-पंधरा मिनिटांपलीकडे पाहता येत नाही, त्याच्यासमोर नऊ वर्षांचा साक्षीदार म्हणून आमचे कागद गेले, आणि त्या साक्षीदाराला काही सांगताच आले नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या रुग्णपत्रिका याहून फार निराळ्या नसाव्यात, अशी आमची नम्र समजूत आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

कायदा काय पाहतो?

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. 1995 च्या जुन्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. नव्या कायद्याच्या अनुसूचीत 21 आहेत. त्यांत "दीर्घकालीन वेदना" नावाचा प्रकार नाही. आमवात, संधिगत वात वा कटिशूल ही नावेही स्वतंत्रपणे नाहीत. आपल्या रुग्णांचा विचार मुख्यतः चलनविषयक दिव्यांगत्वात होतो. त्याची व्याख्या मात्र लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. अस्थी, संधी, स्नायू वा मज्जासंस्थेच्या विकारामुळे स्वतःची हालचाल करणे किंवा वस्तू हलविणे यांच्याशी निगडित क्रिया करता न येणे, असा तिचा आशय आहे. म्हणजे कायदा व्याधीचे नाव विचारत नाही; क्रिया विचारतो.

मंडळ ज्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार टक्के ठरविते, त्यांतही हेच दिसते. 2001 च्या आणि पुढे जानेवारी 2018 च्या अधिसूचनेत हाताच्या समन्वित क्रिया म्हणून दहा गोष्टी सांगितल्या आहेत : डोक्यावरची वस्तू काढून पुन्हा जागेवर ठेवणे, नाकाला हात लावणे, आपल्या पद्धतीने हाताने जेवणे, केस विंचरणे व वेणी घालणे, सदरा अंगात घालणे, शौचाचे पाणी घेणे, पेल्याने पाणी पिणे, गुंड्या लावणे, नाडी वा धोतर बांधणे आणि लिहिणे. पायांच्या स्थैर्यासाठी सपाट जमिनीवर व उतारावर चालणे, जिने चढणे, दोन्ही पायांवर उभे राहणे, बाधित पायावर उभे राहणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे, गुडघे टेकणे आणि वळणे या नऊ क्रिया आहेत. यांच्या जोडीला संधींच्या हालचालीचे अंश व स्नायूंचे बल मोजले जाते. मार्च 2024 मध्ये सुधारित तत्त्वे अधिसूचित झाली आहेत. तेव्हा टक्क्यांचे आकडे प्रत्येक वेळी चालू प्रतीतूनच पाहावेत. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो मूल्यमापनाचा रोख. तो क्रियेकडे आहे.

आता नुसत्या वेदनेचे काय? त्याच तत्त्वांत पाठीच्या कण्याच्या इतर विकारांसाठी एक छोटा तक्ता होता. रुग्ण वेदना सांगतो, पण स्नायूंचा अनैच्छिक संकोच नाही आणि रचनेतील विकृतीचा पुरावा नाही, अशा स्थितीला शून्य टक्के. वेदना, सततचा संकोच, कण्याचा ताठरपणा आणि क्ष-किरण चित्रात सौम्य बदल असल्यास 20 टक्के; बदल मध्यम असल्यास 25; कण्याच्या एका भागात तीव्र असल्यास 30; संपूर्ण कण्यात असल्यास 40.

हा तक्ता आम्ही प्रथम वाचला तेव्हा मनास वाईट वाटले. वेदनेला शून्य! परंतु विचारांती त्यातील अडचण ध्यानात आली. वेदना रुग्णाची असते, प्रमाणपत्र शासनाचे असते. मधला पूल निरीक्षणाचाच असावा लागतो. तो पूल बांधण्यास लागणारा काळ मंडळाजवळ नसतो. आपल्याजवळ तो वर्षानुवर्षे असतो.

शास्त्राचा आधार

क्रियेवरून रोगबल जाणणे ही आपल्याला परकी गोष्ट नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात दशविध परीक्ष्य भाव सांगताना व्यायामशक्तीचा स्वतंत्र उल्लेख केला आहे, आणि ती कर्मशक्तीवरून, म्हणजे काम करण्याच्या सामर्थ्यावरून, परीक्षावी असे सांगून तिचे प्रवर, मध्यम व अवर असे तीन भेद केले आहेत. त्याच स्थानाच्या चौथ्या अध्यायात अनुमानाने जाणावयाचे भाव सांगताना अग्नी जरणशक्तीवरून आणि बल व्यायामशक्तीवरून जाणावे असा निर्देश आहे. चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात संधिगत वाताचे वर्णन करताना प्रसारण व आकुंचन या क्रियांच्या वेळी होणारी वेदना सांगितली आहे. म्हणजे तेथेही वेदना सुटी येत नाही, क्रियेसह येते. सुश्रुताचार्यांनी कलायखंज ओळखविला तो रुग्ण चालावयास लागताना कसा कापतो व लंगडतो, या वर्णनाने.

पदवी परीक्षेसाठी आपण हे सर्व पाठ केले. रुग्णपत्रिकेत "बल : मध्यम" असे लिहून आपण मोकळे होतो. ते मध्यम कशावरून ठरविले, हे लिहीत नाही. आमच्या मते सारी उणीव येथे आहे. कर्मशक्तीचे परीक्षण हा आपल्या परंपरेचा भाग आहे आणि त्याची सविस्तर नोंद ही आजच्या रुग्णाची गरज आहे.

आधुनिक विचारही याच दिशेने गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये स्वीकारलेल्या कार्यक्षमतेच्या वर्गीकरणात शरीराची विकृती, व्यक्तीची क्रिया आणि जीवनातील सहभाग अशा तीन पातळ्या वेगळ्या केल्या आहेत. व्याधींच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. हे वर्गीकरण जानेवारी 2022 पासून लागू झाले. जानेवारी 2024 मध्ये त्यात आयुर्वेद, सिद्ध व युनानी निदानांचा विभागही जाहीर झाला. तेव्हा आमवात लिहिताना त्याच्या शेजारी आधुनिक निदान लिहिण्यास संकोच नसावा. मंडळावरील अस्थिरोगतज्ज्ञाला आमवात हा शब्द कळेलच असे नाही, आणि कळला नाही याचा तोटा त्याला नव्हे, रुग्णाला होतो.

नोंद कशी ठेवावी?

अक्कांच्या अनुभवानंतर आम्ही आमच्या रुग्णपत्रिकेत केलेले बदल येथे देत आहोत. त्यांत विशेष खर्चाचे काही नाही. पहिल्या भेटीत पंधरा मिनिटे आणि पुढे तीन महिन्यांतून एकदा दहा मिनिटे लागतात.

1. क्रियेचे नाव लिहावे. "हस्तसंधी शूल" एवढ्यावर न थांबता त्या शूलामुळे काय होत नाही ते लिहावे. भाकरी थापता येते का? कणीक मळता येते का? कपडे पिळता येतात का? नळाची तोटी फिरते का? शौचास उकिडवे बसता येते का, आणि बसल्यावर आधाराविना उठता येते का? वर सांगितलेल्या दहा व नऊ क्रियांची यादी आम्ही छापूनच ठेवली आहे.

2. मोजमाप लिहावे. "थोडे चालते" यातून काहीच बोध होत नाही. "सपाट रस्त्यावर 200 पावले, नंतर पाच मिनिटे बसावे लागते" यातून होतो. कोनमापकाने संधीचे अंश मोजावेत. कण्यासाठी पुढे वाकल्यावर बोटांची टोके जमिनीपासून किती सेंटिमीटर राहतात ते लिहावे. मुठीची पकड मोजण्यास रक्तदाबमापकही चालतो : पट्टा गुंडाळून 20 मिलिमीटरपर्यंत फुगवावा, रुग्णाला मुठीत दाबावयास सांगावे आणि पारा कोठवर चढतो ते नोंदवावे. दर वेळी तोच पट्टा व तीच पद्धत ठेवावी.

3. एकदा करता येणे व दिवसभर करता येणे यांतील भेद लिहावा. दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णाचे खरे दुखणे बहुधा येथेच असते. अक्का मंडळासमोर गुंडी लावू शकल्या. परंतु ती लावावयास किती वेळ लागला, सलग पाच गुंड्या लागतील का, आणि लावल्यानंतर हात किती वेळ निकामी होतो, हे कोणी विचारले नाही. आणि आम्हीही कधी लिहिले नव्हते. क्रिया, तिला लागणारा वेळ, लागणारी मदत आणि नंतर मोजावी लागणारी किंमत अशा चार गोष्टी एकत्र लिहाव्यात.

4. चांगले व वाईट दिवस मोजावेत. आमवात रोज सारखा नसतो. मागील महिन्यात किती दिवस काम बंद राहिले, किती दिवस अर्धे झाले, सकाळचा ताठरपणा किती मिनिटे टिकला, हे विचारावे. ज्या रुग्णास लिहिता येत नाही त्याच्या घरी दिनदर्शिका असते. वाईट दिवसावर फुली मारावयास सांगावे. आमच्या अक्कांची नात हे काम फार मन लावून करते.

5. व्यवसायाचे माप वापरावे. विडी कामगारांना हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी मिळते. कोणत्या दिवशी किती विड्या दिल्या व त्यांतील किती नापास झाल्या याची वही असते. यंत्रमागावरच्या कामगाराने पूर्वी किती माग सांभाळले व आता किती सांभाळतो, हमालाने किती किलोचे पोते उचलणे सोडले, शेतमजुराने खुरपणीला जाणे कोणत्या हंगामापासून थांबविले, हे सर्व तारखेसह लिहिता येते. रुग्णाच्या कष्टाचा हिशेब बहुधा दुसऱ्या कोणाच्या वहीत आधीच लिहिलेला असतो. आपण तो आपल्या कागदावर उतरवून घ्यावयाचा.

6. चिकित्सेचा संपूर्ण इतिहास लिहावा. मंडळ कायमस्वरूपी हानी पाहते. म्हणून योग्य चिकित्सा पुरेसा काळ होऊनही हानी राहिली, हे दिसावे लागते. आपली औषधे, बस्ती व अन्य पंचकर्म, त्यांचे कालावधी व परिणाम लिहावेत. रुग्ण घेत असलेली आधुनिक औषधेही लिहावीत. ती लपविण्यात कोणाचेच हित नाही. उपशय मिळाला असेल तर तोही प्रांजळपणे लिहावा.

उदाहरणादाखल एक नोंद पाहावी. पूर्वी आम्ही लिहीत असू : "आमवात. हस्तसंधी शूल-शोथ. वेदना वाढली. औषध तेच." आज त्याच भेटीची नोंद अशी होते : "आमवात (ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस), नववे वर्ष. दोन्ही मनगटे व बोटांच्या मूळसंधींत शोथ. सकाळचा ताठरपणा 90 मिनिटे. उजवी मूठ पूर्ण मिटत नाही. मधले बोट तळव्यापासून 3 सें.मी. दूर. पकड : उजवी 70, डावी 84. वेणी घालणे व हूक लावणे सुनेच्या मदतीने. पेला दोन्ही हातांनी धरून पाणी पिते. विड्या : 2015 मध्ये रोज सुमारे 1,000, मागील महिन्यात काम 14 दिवस, सरासरी 260." दुसऱ्या नोंदीत विशेषण एकही नाही, आणि तरीही ती वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणूस उभा राहतो.

आपल्या अधिकाराची मर्यादा

येथे एक स्पष्ट सांगावयास हवे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार शासनाने अधिसूचित केलेल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्यांनाच आहे. तो आपल्याला नाही. तेव्हा आपल्या पत्रावर टक्क्यांचा आकडा कधीही लिहू नये. कटिशूलासाठी वापरल्या जाणाऱ्या ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीसारख्या साधनांतून टक्के निघतात. परंतु ते त्या प्रश्नावलीचे टक्के आहेत, कायद्याचे नव्हेत. त्यांची गल्लत झाल्यास मंडळाचा आपल्या कागदावरील विश्वास उडतो.

आपण द्यावयाचा तो उपचार-सारांश. एक पान, फार तर दोन. निदान, कालावधी, चिकित्सा, मोजमापे, क्रियांची यादी आणि शेवटी आपली सही, नोंदणी क्रमांक व दिनांक. कोणती नोंद आपण स्वतः पाहिली आणि कोणती रुग्णाने सांगितली, हे वेगवेगळे लिहावे. सोबत क्ष-किरण चित्रे व रक्ततपासण्या तारखेनुसार लावाव्यात. जुने चित्र व नवे चित्र शेजारी असेल तर ते पुष्कळ काही सांगून जाते.

न्यायालयांनीही वैद्याचे काम व निर्णय देणाऱ्याचे काम यांत असाच भेद केला आहे. मोटार अपघाताच्या भरपाईसंबंधी राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वैद्य शारीरिक हानी सांगू शकतो. त्या हानीने त्या विशिष्ट माणसाची अर्जनक्षमता किती घटली हे न्यायाधिकरणाने ठरवावयाचे. बोट गमावलेल्या लिपिकाची व विडी कामगाराची हानी अवयवाच्या हिशेबात सारखीच असेल. रोजगाराच्या हिशेबात नाही. परंतु तो दुसरा हिशेब मांडावयासही क्रियेची नोंद कोठेतरी असावीच लागते.

रुग्णाची तयारी

आपले रुग्ण सोशिक असतात, आणि तपासणीच्या दिवशी हा सोशिकपणाच त्यांच्या आड येतो. अक्कांना आम्ही विचारले की मंडळासमोर काय झाले. त्या दिवशी त्यांनी ठेवणीतले लुगडे नेसले होते. नेसविले होते सुनेने, पण सून बाहेर थांबली होती. रुग्णालयात तासन्‌तास बसावे लागेल म्हणून सकाळी वेदनाशामक गोळी जास्तीची घेतली होती. "घरकाम करता का?" या प्रश्नास त्यांनी "चालतंय की, साहेब," असे उत्तर दिले.

आम्ही म्हणालो, "अक्का, चालत नाही ना पण!"

त्या म्हणाल्या, "डॉक्टर, एवढ्या मोठ्या माणसांसमोर रडगाणं कसं गायचं?"

त्या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो. काम करता येत नाही हे सांगणे त्यांना काम चुकविल्यासारखे वाटत होते. अशा रुग्णास खोटे बोलावयास शिकवावयाचे नसते. खरे पूर्ण सांगावयास शिकवावयाचे असते. "होते" म्हणताना कोणाच्या मदतीने होते, किती वेळात होते, रोज होते की क्वचित, हेही सांगावे. नेहमीची औषधे नेहमीप्रमाणेच घ्यावीत. त्या दिवसापुरती वाढवू नयेत व बंदही करू नयेत. घरी काठी, पट्टा वा आधार वापरत असल्यास तो बरोबर न्यावा. घरात मदत करणारी व्यक्ती सोबत असावी आणि तिला आत येऊ देण्याची विनंती करावी. अर्ज नाकारला गेल्यास कारणे लेखी मागून घ्यावीत. निर्णयाविरुद्ध अपील करण्याची तरतूद अधिनियमाच्या कलम 59 मध्ये आहे.

सत्याचे पथ्य

या विषयाची दुसरी बाजू मांडल्याविना लेख पुरा होणार नाही. दिव्यांगत्वाची खोटी प्रमाणपत्रे ही आपल्या राज्यात वेळोवेळी चर्चेस आलेली गोष्ट आहे. खोट्या नोंदीने एकाचा लाभ होतो आणि पुढच्या दहा खऱ्या रुग्णांकडे संशयाने पाहिले जाते. म्हणून नोंद वाढवून लिहिणे हेही पापच. आमच्याकडे एकदा एक गृहस्थ केवळ असे पत्र मागावयास आले. रुग्णपत्रिका काढली तर दोनच भेटी निघाल्या. त्या दोन भेटींत जे दिसले तेवढेच लिहून देऊ असे म्हणताच ते उठून गेले.

याहून अवघड प्रसंग निराळा आहे. आमच्याकडे एक तरुण शिक्षिका आहेत. सर्वांगात वेदना, निद्रानाश, अतीव थकवा, निदान फायब्रोमायाल्जियाचे. संधी मोकळे, क्ष-किरण चित्र निर्दोष, रक्ततपासण्या प्राकृत. त्यांची वेदना खरी आहे याविषयी आम्हास तिळमात्र शंका नाही. परंतु चलनविषयक टक्क्यांत त्यांच्या पदरी काही पडण्याची आशा आम्ही त्यांना दाखविली नाही, कारण तशी आशा दाखविणे ही फसवणूक झाली असती. आम्ही त्यांचीही नोंद त्याच काटेकोरपणे ठेवली : सलग किती तासिका उभे राहता येते, तासाभराच्या लेखनानंतर काय होते, महिन्यात किती रजा पडल्या. ती घेऊन त्या मुख्याध्यापकांना भेटल्या. वर्गात बसून शिकविण्याची मुभा मिळाली आणि वरच्या मजल्यावरचे तास खाली आले. हा शासकीय लाभ नव्हे. परंतु त्यांची नोकरी टिकली. कर्महानीची नोंद मंडळाबाहेरही उपयोगी पडते, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

उपसंहार

अक्कांनी 2024 मध्ये पुन्हा अर्ज केला. या वेळी सोबत वर्षभराच्या मोजमापांचा दोन पानी सारांश, हातांची जुनी व नवी क्ष-किरण चित्रे, विड्यांच्या वहीची प्रत आणि सून होती. मंडळाने 46 टक्के दिव्यांगत्व नोंदविले. मधल्या काळात रोगही वाढला होता, तेव्हा हे सारे श्रेय आमच्या कागदांचे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तपासणाऱ्या डॉक्टरांनी या वेळी प्रत्येक बोटाचे अंश स्वतः मोजले, असे अक्का सांगतात. आमच्या पानावर ते अंश लिहिलेले होते म्हणून त्यांनी मोजले, की ते तसेही मोजणार होते, हे कोण सांगणार?

अनुदान सुरू झाले. 2023 मध्ये या योजनेची रक्कम दरमहा 1,500 रुपये झाली होती. 2025 मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती 2,500 करण्यात आली. रक्कम फार मोठी नाही. परंतु ज्या घरात हजार विड्यांच्या जागी अडीचशे विड्या होऊ लागल्या, तेथे तिचे मोल निराळे आहे. पहिल्या अर्जापासून दुसऱ्या अर्जापर्यंतची दोन वर्षे मात्र अक्कांना परत मिळणार नाहीत. पहिल्या वेळीच आमचे कागद बोलले असते तर कदाचित ती वाचली असती. ही रुखरुख आम्हाला आहे, आणि ती इतरांच्या वाट्यास येऊ नये एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वैद्य बंधुभगिनींना आमची विनंती साधी आहे. उद्या सकाळी येणाऱ्या पहिल्या वातव्याधीच्या रुग्णास "दुखणे कसे आहे?" असे विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा : "यामुळे कोणते काम सुटले?" आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह, लिहून ठेवावे. त्या ओळीचा उपयोग कधी होईल हे आज सांगता येत नाही. पण ज्या दिवशी होईल, त्या दिवशी ती नव्याने लिहिता येणार नाही.